युरोपची सहल : आधी मार्ग आखा, मग तिकीट काढा

एप्रिल-मेच्या सुटीत युरोप पाहायचा, असे बेत आता बंगळूरच्या कितीतरी मध्यमवर्गीय मराठी घरांत होऊ लागले आहेत. मुलं थोडी मोठी झालेली असतात, दोघांच्या पगारातून काही रक्कम बाजूला पडलेली असते आणि आजींचे गुडघे साथ देताहेत तोवर त्यांनाही जग दाखवावं, अशी इच्छा असते. बेत ठरला की सगळ्यात आधी स्वस्त तिकिटाचा शोध सुरू होतो. कुठेतरी भाडं पाच-सात हजारांनी कमी दिसतं आणि घाईघाईने चार तिकिटं काढली जातात. पण कोणते देश पाहायचे, कुठून कुठे जायचं, व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, हे अजून ठरायचंच असतं. मग त्या स्वस्त तिकिटाभोवती सारी सहल फिरवावी लागते आणि वाचलेल्या पैशांच्या दुप्पट खर्च होतो.

वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशांचा हा प्रश्न आहे. म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या आणि मार्ग आखा.

दोन आठवड्यांत किती देश?

शेंगेन गटात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे पाहता येतात. म्हणून सगळे पाहायलाच हवेत असं नाही. गाव बदललं की सामान बांधणं, स्टेशन गाठणं, नवं हॉटेल शोधणं यात अर्धा दिवस जातो. दोन आठवड्यांसाठी तीन देश पुष्कळ झाले.

समजा, तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि आजी असे चौघं निघाला आहात. पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला चार, मग इटलीत व्हेनिसला दोन आणि रोमला तीन, अशा तेरा रात्री होतात. मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ जातो, कुठेही मागे फिरावं लागत नाही.

जायचं एका गावी, यायचं दुसऱ्या गावाहून

बहुतेक जण पॅरिसचं जाण्या-येण्याचं तिकीट काढतात. मग शेवटी रोमहून पुन्हा पॅरिस गाठावं लागतं. म्हणजे चार जादा तिकिटं, सहलीतला एक दिवस आणि बहुधा एका रात्रीचं हॉटेलही. त्यापेक्षा बंगळूर ते पॅरिस आणि परतताना रोम ते बंगळूर असं एकच तिकीट मागा. संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायाखाली ते मिळतं. त्याचं भाडं अनेकदा साध्या जाण्या-येण्याच्या भाड्याच्या जवळपासच असतं.

बंगळूरकरांची एक सोय अशी की पॅरिस, अॅमस्टरडॅम, फ्रँकफर्ट आणि म्युनिक या शहरांशी इथून थेट विमानसेवा सुरू झाल्या आहेत. एअर फ्रान्स आणि केएलएम या कंपन्या २००४ पासून एकाच समूहात आहेत. त्यामुळे जाताना थेट पॅरिस आणि येताना रोमहून पॅरिस किंवा अॅमस्टरडॅममार्गे, असं एकाच तिकिटावर जमू शकतं. वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, म्हणून तारखा ताडून पाहा. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवारचं भाडंही बघा.

आणखी एक सूचना. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ५ मे, रात्री दोन अशी वेळ असेल तर घरून ४ मेच्या संध्याकाळीच निघायचं असतं. ही तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.

स्वस्त तिकिटाची दुसरी बाजू

कमी भाडं दिसलं की चार गोष्टी विचारा. सामान किती नेता येईल? जागा निवडायचे पैसे वेगळे आहेत का? तारीख बदलली तर किती कापतील? मधल्या विमानतळावर किती तास थांबावं लागेल?

वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं जोडताना तर फारच सावध राहा. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, नवं तिकीट तुमच्याच खिशातून काढावं लागतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढच्या विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम असतं. मुंबईहून भाडं कमी दिसलं तरी बंगळूर-मुंबई जाण्या-येण्याचा खर्च आणि उशिराचा धोका त्यात मिळवूनच तुलना करा.

युरोपातल्या युरोपात रायनएअर, ईझीजेट, विझ एअर यांसारख्या कंपन्यांची भाडी पाहून डोळे दिपतात. पण मूळ भाड्यात सीटखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते, मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. शिवाय विमानतळ कुठे आहे ते बघा. ‘पॅरिस’ म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

म्हणून तीन-चार तासांच्या अंतराला रेल्वेच बरी. ती गावाच्या मध्यातून सुटते आणि मध्यातच पोहोचवते. पॅरिसहून बाझलमार्गे ल्युसर्नला साडेचार तासांच्या आसपास लागतात, व्हेनिसहून रोमला सुमारे चार. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. युरेल पास घेतला तरी या गाड्यांत आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. तीन-चारच प्रवास असतील तर पासची किंमत सुट्या तिकिटांशी ताडून पाहा.

व्हिसा कोणाकडे मागायचा?

आपल्या उदाहरणात विमान पॅरिसला उतरतं, म्हणून फ्रान्सकडे अर्ज करायचा, असं अनेकांना वाटतं. नियम वेगळा आहे. ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. फ्रान्समध्ये चार, स्वित्झर्लंडमध्ये चार, पण इटलीत दोन आणि तीन मिळून पाच रात्री होतात. म्हणजे अर्ज इटलीकडे. रात्री सारख्या असत्या तर पहिल्या प्रवेशाचा देश धरला असता. लंडन जोडायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा निराळा, आणि लंडनमार्गे विमान बदलायचं असेल तरी आधी चौकशी करा.

जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. चौघांचे ३१५ युरो होतात. युरोला शंभर रुपये धरले तरी साडेएकतीस हजार, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला तर ही रक्कम परत मिळत नाही. २०२४ साली भारतातून अकरा लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १५ टक्के नाकारले गेले. तेव्हा बँकेचे कागद, रजेचं पत्र आणि हॉटेलची आरक्षणं यांच्या तारखा एकमेकींशी जुळतात ना, हे दोनदा तपासा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा हवा. आजींचा रक्तदाब किंवा मधुमेह विमा कंपनीपासून लपवू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवस आधीपर्यंतच. पण उन्हाळ्यापूर्वी केंद्रांवर अशी गर्दी होते की भेटीची वेळच मिळत नाही. एप्रिलअखेर निघायचं तर दिवाळीचा फराळ संपला की कामाला लागा. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं आणि हॉटेलं टाळा. थोडं जास्त भाडं देऊन रद्द करता येणारं तिकीट घेतलेलं बरं.

आजी, मुलगी आणि सामान

आजींसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागा. ती विनामूल्य मिळते, पण किमान दोन दिवस आधी कळवायला हवं. हॉटेलात लिफ्ट आहे का, हे विचारायला विसरू नका. जुन्या इमारतींत ती असेलच असं नाही. व्हेनिसमध्ये तर पायऱ्यांचे पूल आणि दगडी गल्ल्या, तिथे मोठी बॅग ओढणं म्हणजे शिक्षाच. प्रत्येकाने स्वतः उचलू शकेल एवढंच सामान घ्यावं.

स्वित्झर्लंडमध्ये स्विस ट्रॅव्हल पास घेतल्यास सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर मोफत प्रवास करता येतो. ते कार्ड पासबरोबर मागून घ्या.

खाऊच्या डब्यात चकल्या, चिवडा, मेतकूट, खाकरे न्या. पण तूप, पनीर, खवा नको. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. तिथल्या नातलगांसाठी हापूसची पेटी न्यायचा मोहही आवरा, बहुतेक ताज्या फळांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. एखाद्या गावी स्वयंपाकघर असलेली जागा घेतली, तर रात्री वरणभात करता येतो आणि खर्चही आवरतो.

सहल कंपनी की स्वतः?

भाषेची धास्ती वाटत असेल, जेवणाचे नियम कडक असतील किंवा घरातली माणसं फार थकलेली असतील, तर केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांबरोबर जाण्यात कमीपणा नाही. पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा. स्वतः जाणार असाल तर क्रेडिट कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क आधी विचारा, ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतात, हेही ध्यानात ठेवा.

शेवटी एका कागदावर विमान, रेल्वे, व्हिसा, विमा, हॉटेल, जेवण आणि अडीअडचणीसाठी दहा टक्के, असा सगळा खर्च मांडा. दोन-तीन वेगळे मार्ग याच पद्धतीने मांडून बेरजा शेजारी ठेवा. ज्याची बेरीज कमी आणि आजींना दगदगही कमी, त्या मार्गाचं तिकीट काढा, मग त्यातलं विमानभाडं दोन हजारांनी जास्त असलं तरी हरकत नाही.