एक पद, अनेक गळे

जॅझमध्ये काही गाणी पुन्हा पुन्हा नव्याने गायली जातात. गर्श्विनचे ‘समरटाइम’ १९३५चे. पुढच्याच वर्षी बिली हॉलिडेने ते आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केले. आपल्याकडे हे भाग्य नाट्यपदांना लाभले. ‘संगीत मानापमान’ १९११चे, शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यातले ‘युवती मना’ मास्टर दीनानाथांनी गाजवले, पुढे मूर्तिजापुरात जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी. मला वसंतरावांचे अधिक प्रिय. त्यांची तान कुठे वळेल याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तर पद रोज नवे होते. दिवाळीनंतर वडसा, म्हणजे देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगावी निघतात. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक. प्रेक्षक चादरी-घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसलेले. मंचाजवळ ऑर्गन आणि तबला. ‘वन्स मोअर’ आला की ऑर्गनवाला गायकाच्या तोंडाकडे बघत सूर धरून ठेवतो, आणि दुसऱ्या खेपेला तेच पद वेगळ्याच वाटेने जाते. यातले फारच थोडे ध्वनिमुद्रित होते, ही खरी हानी. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री जाहीर झाली.