नदीकाठी, रिकाम्या हाताने

घरी परतणाऱ्या माणसाला आपण सहज विचारतो, "काय मिळाले?" बाजारातून आलेल्याला विचारतो, कामावरून आलेल्याला विचारतो. गळ टाकून दिवसभर नदीकाठी बसून आलेल्या ज्येष्ठाला तर हा प्रश्न उंबरठ्यावरच गाठतो. उत्तर "काही नाही" असे आले, की घरातले कोणीतरी हसत म्हणते, "मग एवढ्या थंडीत गेलात तरी कशाला?" वाचकहो, या "कशाला"चा थोडा विचार करू या. आपण स्वतः ज्येष्ठ असा किंवा घरातील ज्येष्ठांची काळजी वाहणारे असा, हा प्रश्न दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

हिवाळ्यात मासा का लागत नाही?

मार्गशीर्ष-पौषात पुण्याचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो. नदीचे आणि धरणांच्या जलाशयांचे पाणीही गार होते. माशाचे शरीर पाण्याच्या तापमानाप्रमाणे तापते आणि निवते. पाणी थंडावले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते, हालचालही बेताची होते. अशा वेळी समोरून आमिष गेले तरी तो त्याकडे वळतोच असे नाही. म्हणून हिवाळ्यातील रिकामा दिवस हे गळकऱ्याचे अपयश नव्हे. तो ऋतूचा स्वभाव आहे.

त्यातही कृत्रिम माशीने मासा धरण्याची रीत अधिक सबुरीची. पिसे आणि दोरा आकड्यावर गुंडाळून किड्यासारखी एक हलकी माशी बांधतात. तिला स्वतःचे वजन जवळपास नसतेच. जड असते ती दोरी. तिला काठीने मागे-पुढे झुलवत हवेत उलगडावे लागते आणि मग ती माशी अलगद पाण्यावर टेकते. यात जोरापेक्षा लय महत्त्वाची असते. इंग्लंडमधील आयझॅक वॉल्टन यांचा 'द कम्प्लीट अँगलर' हा गळकऱ्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. पुढे १६७६ च्या आवृत्तीत त्यांचे स्नेही चार्ल्स कॉटन यांनी माशीने मासे धरण्यावरचा भाग जोडला, तेव्हा वॉल्टन यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांना नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. नदीने ते दिले असे म्हणण्याचे कारण नाही. पण उतारवयाला साजेसा हा छंद आहे, एवढे त्यावरून नक्की समजते.

आपली नदी, आपला मासा

पुणेकरांना या विषयाचे एक जुने नाते ठाऊक असावे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अभ्यासकाने दख्खनच्या माशांची नोंद करताना १८३९ साली एका महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तो मासा त्यांना पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेत मिळाला होता. 'टॉर खुद्री' हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. त्यातील 'खुद्री' हा शब्द इथल्याच बोलीतून उचललेला आहे. मोठ्या खवल्यांचा, वेगवान, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यात रमणारा हा मासा. धरणे आणि सांडपाणी यांमुळे शहरातील पात्रात त्याला जागा उरली नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवली जातात, तर देहूला इंद्रायणीतील माशांकडे भाविक श्रद्धेने पाहतात. तिथे त्यांना धरत नाहीत.

म्हणून शहरातील पात्रात गळ टाकू नये, तिथला मासा खाऊ नये आणि जखम असलेला हात वा पाय त्या पाण्यात घालू नये. बसायचे असेल तर शहराच्या वर, पानशेत, मुळशी किंवा पवना यांच्या बाजूच्या गावांकडे जावे. जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. आधी गावात चौकशी करून परवानगी घ्यावी. मासा लागलाच तर त्याला ओल्या हातांनी धरून लगेच सोडून द्यावे. जीवाला दुखवणे ज्यांना पटत नाही, त्यांनी आकड्याचे टोक मोडून नुसती माशी फेकावी, किंवा काठीही न घेता खंड्या, बगळे आणि पाणकावळे पाहावेत. या लेखाचे सांगणे त्यांनाही तितकेच लागू आहे.

लादलेली वाट आणि निवडलेली वाट

उतारवयात माणूस सतत कशाची ना कशाची वाट पाहत असतो. तपासणीच्या अहवालाची, दवाखान्यात आपला क्रमांक लागण्याची, परगावच्या मुलाच्या दूरध्वनीची, औषध देणाऱ्या हाताची. ही सगळी वाट दुसऱ्याने लादलेली असते. तिची सुरुवात आणि शेवट आपल्या हाती नसतो. असे दिवस साठत गेले की मन खचते, आणि "आता माझा काय उपयोग?" हा प्रश्न डोके वर काढतो.

नदीकाठची वाट निराळी. ती आपण होऊन पत्करलेली असते. कुठे बसायचे, दोरी केव्हा ओढायची, केव्हा उठायचे हे ठरवणारे आपणच. मासा येईल किंवा येणार नाही, हे मान्य करूनच आपण बसतो. डोळे पाण्यावर, कान वाऱ्याकडे, बोटे दोरीवर. मनाला भूतकाळात फार वेळ रेंगाळता येत नाही. संध्याकाळी हाती काही नसले तरी एक पूर्ण दिवस आपल्या इच्छेने घालवल्याचे समाधान असते. "कशाला गेलात?" याचे हेच उत्तर आहे. मासा हे निमित्त होते.

मात्र एक भेद लक्षात ठेवावा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक हरपली, आवडती गोष्टही नकोशी झाली, तर नदीवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावे.

निघण्यापूर्वी

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा. हिवाळ्यात सकाळी धूर आणि धुके जमिनीलगत साचून राहते. दम्याच्या रुग्णांनीही ऊन चांगले वर आल्यावरच निघावे. मासा तसाही लवकर जागा होत नाही!

* एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत. ऊन चढेल तसे उतरवता येतात. कान आणि पावले झाकलेली असावीत.
* वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तहान नसली तरी थोडे थोडे पाणी प्यावे. पाणी, हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे बेताने घेण्यास सांगितले असेल, तर ती मर्यादा पाळावी.
* मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. खिशात साखर वा गोळ्या ठेवाव्यात. घरी आल्यावर पावले तपासावीत.
* पाठ असलेली घडीची खुर्ची न्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. उठताना आधी क्षणभर टेकून बसावे, मग उभे राहावे. एकदम उठल्याने चक्कर येते.
* काठी हलकी असावी. खांदा आखडलेला असल्यास हात खांद्यावर उचलू नये. कोपर अंगाजवळ ठेवून फेकावे आणि दुखले की थांबावे.
* टोपी आणि चष्मा असावाच. आकडा कातडीत रुतला तर ओढून काढू नये, डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी विशेष जपावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.
* शेवाळलेल्या दगडांवर आणि पाण्यात उतरू नये. धरणातून पाणी सोडल्यास पातळी अचानक वाढते. स्थानिकांना विचारूनच जागा निवडावी.

सोबत करणाऱ्यांसाठी

आपल्याला भीती वाटणे स्वाभाविक आहे. पडले तर? थंडी बाधली तर? पण प्रत्येक भीतीचे उत्तर नकार हे नसते. बहुतेक वेळा ते वरच्या यादीत, एका भरवशाच्या सोबत्यात आणि चालू असलेल्या दूरध्वनीत सापडते. घरातच बसवून ठेवलेल्या माणसाचे स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांना पाण्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. पण त्यांना सोबत न्यावे, हेही तितकेच खरे. नावे आणि तारखा पुसट झाल्या तरी हातांनी वर्षानुवर्षे केलेली कामे बराच काळ टिकून राहतात. ज्यांनी तरुणपणी गळ बांधला आहे, त्यांची बोटे गाठ मारताना पुष्कळदा अडखळत नाहीत. आकडा आपल्याकडे ठेवावा आणि दोरी त्यांच्या हाती द्यावी.

आपणही दिवसभर कोणाची तरी वाट पाहणारे आहात. तेव्हा शेजारी दुसरी खुर्ची मांडा, थर्मासमधील चहा ओता आणि बोलणे सुचले नाही तर गप्प बसा. काळजी घेणाऱ्यालाही असा एक दिवस लागतो.

आणि ते एकटे वा मित्रांबरोबर जाऊन आले, तर दारात पिशवीकडे पाहू नका. पाणी कसे होते, कोणते पक्षी दिसले, ऊन कुठवर आले होते, असे काहीतरी विचारा आणि उत्तर संपेपर्यंत उभे राहा. मासा न लागलेल्या दिवसाजवळ सांगण्यासारखे बरेच असते. ते ऐकणारे कोणी आहे हे कळले, की पुढच्या आठवड्यात पुन्हा निघण्याची उमेद येते.