साखर किती, ते समोरच लिहा

पुण्याहून निघून नीरा ओलांडली की शिरवळ लागतं, आणि पुढे सुरूरला वाई-पाचगणीचा रस्ता फुटतो. त्या वाटेनं परतणाऱ्या गाड्यांमध्ये स्ट्रॉबेरी जॅमची बाटली हमखास असते. वेष्टनावर लालभडक फळं. नियम मात्र असा, की बहुतेक फळांच्या जॅममध्ये निदान ४५ टक्के फळ हवं, स्ट्रॉबेरीच्या जॅममध्ये २५ टक्के असलं तरी चालतं. विद्राव्य घटक किमान ६५ टक्के, आणि ते मुख्यतः साखरेचे. यात फसवणूक कुणाचीच नाही, सगळं कायद्यात बसतं. पण २० ग्रॅम जॅम पोळीला लावला, की सुमारे १२ ग्रॅम साखर पोटात जाते. लेबलवरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम अतिरिक्त साखर धरून काढतात. म्हणजे जवळपास पाव वाटा एका पोळीत संपला.

हा हिशेब पाकिटामागच्या बारीक तक्त्यावरून ग्राहकानं स्वतः करायचा. तोही इंग्रजीत किंवा हिंदीत, कारण २०२० च्या लेबल नियमांनुसार मराठी ऐच्छिक आहे. वेष्टनाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल, तर घटकांची यादी आणि पोषणतक्ता यांतूनही सूट मिळते. पोरं सुट्टे पैसे देऊन घेतात त्या गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनं एवढीच असतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं दर्शनी बाजूला तारे देण्याचा मसुदा काढला: अर्ध्यापासून पाचपर्यंत. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. साखर, मीठ, संपृक्त चरबी यांचे दोषगुण मोजायचे आणि फळ, तंतू, प्रथिनं यांच्या बदल्यात ते कमी करायचे, अशी त्याची रीत. मधुमेह्याला तंतू किती हे नंतर कळलं तरी चालेल, साखर आधी कळली पाहिजे. चिलीनं २०१६ पासून काळे अष्टकोन सक्तीचे केले: ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’. वाचता न येणाऱ्यालाही काळा ठसा दिसतो.

आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ, संपृक्त चरबी यांचे आकडे ठळक छापण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर्शनी लेबलच्या नियमांवरील तज्ज्ञ समितीचं काम उरकायला तीन महिने दिले, ती मुदतही वाढवावी लागली. नियम होईल तेव्हा त्यात इशारा दर्शनी हवा, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर तो मराठीत हवा, आणि लहान पुड्यांची सूट त्याला लागू नसावी.