कमी खर्चात दिल्लीची सफर

राजधानी पाहायची म्हणजे मोठा खर्च, असे आपल्या अनेक घरांत समजले जाते. मुले लाल किल्ल्याची सनावळी पाठ करतात. तो दाखवण्याचा बेत मात्र दरवर्षी पुढे ढकलला जातो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काटोलहून पाच जण दिल्लीला गेलो. सोबत दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी. दिल्ली आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नव्हती.

पहिली बचत रेल्वेत होते. नागपूर ते दिल्ली अंतर सुमारे 1,100 किलोमीटर. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. त्याच दिवशी स्लीपरची तिकिटे काढली आणि अम्मींसाठी खालचा बर्थ मागितला. शिदोरीत पराठे, चिवडा आणि आपल्या काटोलची संत्री होती. स्टेशनबाहेर 'तुमचे हॉटेल बंद झाले' असे सांगून दुसरीकडे नेऊ पाहणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये. खोली आधी पाहावी, मगच पैसे द्यावेत.

शहरात फिरायला मेट्रो स्वस्त आणि सुरक्षित. पिवळ्या मार्गावरच्या चावडी बाजार स्टेशनावर उतरले की जुनी दिल्ली पायी पाहता येते. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे, त्यामुळे मुलांचा हात धरून निवांत चालता आले.

शाहजहानने 1656 मध्ये पूर्ण केलेली जामा मशीद पाहायला तिकीट नाही. नमाजच्या वेळी पर्यटकांना थांबावे लागते. तिन्ही दरवाजांना तीसहून अधिक पायऱ्या आहेत. अम्मी दर दहा पायऱ्यांनी टेकत, पण स्वतःच्या पायांनी वर आल्या. जवळच मौलाना आझादांची मजार आहे. देशाच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांची ही कबर अगदी साधी आहे. 11 नोव्हेंबरला शाळेत शिक्षण दिन साजरा करणाऱ्या मुलांनी ती जरूर पाहावी. बल्लीमारानच्या गली कासिम जानमध्ये मिर्झा गालिबची हवेली आहे. 1869 मध्ये गालिबचे निधन झाले. घरात आता छोटे संग्रहालय आहे.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, म्हणून लाल किल्ला आणि कुतुबमिनार दोन्ही आमच्या बजेटमध्ये बसले. कुतुबमिनारला त्याच पिवळ्या मेट्रोने जाता येते.

खरी कमाई मात्र वेगळीच झाली. दिल्लीत रस्त्यांच्या पाट्या हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार लिपींत असतात. 'उर्दू शिकून काय उपयोग?' असे विचारणारी आमची मुलगी प्रत्येक चौकात पाटी वाचू लागली. उर्दू बाजारातल्या दुकानातून तिने स्वतःच्या ईदीच्या पैशांतून एक गोष्टींचे पुस्तक घेतले. वर्गात आम्ही जे वर्षभर सांगून पटवू शकलो नाही, ते चार दिवसांच्या पायपिटीने पटवले.

नोव्हेंबरात तिथली हवा खराब असते. वडीलधाऱ्यांसाठी मास्क आणि नेहमीची औषधे सोबत ठेवावीत. बाकी श्रीमंतीची गरज नाही. घरात एक गल्ला ठेवा, दर महिन्याला थोडी रक्कम टाका आणि बेत ठरवताना मुलांना व घरातल्या बुजुर्गांनाही सोबत बसवा.