दातांनी खोदलेलं राज्य

१९७६ साली ॲरिझोनातल्या एका व्याख्यानात जीवशास्त्रज्ञ रिचर्ड अलेक्झांडर यांनी एक कल्पनेतला प्राणी रंगवला. मुंग्या-वाळवीसारखी एक राणी आणि बाकी सगळे कामकरी, अशी व्यवस्था सस्तन प्राण्यांत कुठे असलीच, तर तो प्राणी उष्ण, कोरड्या प्रदेशात, टणक मातीखाली, मोठाल्या कंदांवर जगणारा कृंतक असेल, असा त्यांचा तर्क होता. श्रोत्यांतला एक तज्ज्ञ म्हणाला, हा तर नेकेड मोल रॅट! केनिया, इथिओपिया, सोमालियातला हा केसविरहित प्राणी खरोखर तसाच जगतो, हे जेनिफर जार्विस यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं.

देखणेपणाच्या बाबतीत भीमाशंकरचा शेकरू याच्याहून फार उजवा. पण शेकरू, साळिंदर, शेतातला उंदीर आणि हा, सगळ्यांचं हत्यार एकच: आयुष्यभर वाढणारे पटाशीचे दात. त्यांच्यावर कडक एनॅमल असतं ते पुढच्या बाजूला. मागची बाजू लवकर झिजते आणि धार आपोआप टिकते. सस्तन प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के जाती कृंतकांच्या आहेत, त्यामागे या दातांचा वाटा मोठा आहे.

मोल रॅट याच दातांनी बोगदे खणतो. त्याचे ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणून खणताना तोंडात माती जात नाही. खालचे दोन दात तो वेगवेगळे हलवू शकतो. एवढी तयारी असूनही एकट्याचा निभाव लागणं कठीण, कारण कंद विखुरलेले असतात आणि ते कुठे आहेत हे आंधळेपणानेच शोधावं लागतं. पाऊस पडून माती मऊ झाली की थोड्या दिवसांत शक्य तितकं खणून घ्यावं लागतं. मग रांग लागते: पुढचा खणतो, मधले माती मागे सारतात, शेवटचा ती बिळाबाहेर उडवतो. सापडलेला मोठा कंद आतून कुरतडतात, त्यामुळे तो पुन्हा भरू शकतो.

वसाहतीत साधारण ७०-८०, कधी ३०० जण असतात. प्रजनन मात्र एक राणी आणि एक ते तीन नर करतात. इतर माद्या वांझ नसतात, राणीच्या धाकात त्यांचं प्रजनन दबून राहतं. प्रत्येक वसाहतीच्या चिवचिवाटाची स्वतंत्र ढब असते आणि त्यावरून परका ओळखू येतो. राणी गेली की ही ढबही विस्कटते. वारसा ठरतो तो माद्यांच्या मारामारीतून, आणि ती अनेकदा जीवघेणी असते. जिंकणारीला मग वेगळं शरीर मिळतं: गर्भारपणात तिच्या पाठीचे मणके लांब होत जातात, पोटात डझनभर पिल्लं मावावीत इतके.