झडप दुरुस्त झाली, मग ईएफ का उतरला?

मायट्रल झडपेच्या ऑपरेशननंतरचा पहिला टू-डी इको हातात पडला की घरचे आधी ईएफचा आकडा शोधतात. तो ६० वरून ५० वर आलेला दिसला की धास्ती बसते: ऑपरेशन फसलं, हृदय कमजोर झालं. बहुतेक वेळा तसं नसतं, आणि हे डिस्चार्ज देतानाच नीट समजावून सांगायला हवं.

डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतो. ते कुठे गेलं, हे सांगत नाही. समजा, कप्प्यातल्या १५० मिलिलिटरपैकी ९० बाहेर पडलं. ईएफ ६०. पण झडप गळत असल्यानं त्यातलं ४० उलट वरच्या कप्प्यात गेलं. शरीराला मिळालं ५०. दुरुस्तीनंतर १४० पैकी ७० बाहेर पडलं. ईएफ ५०, पण सगळं ७० महाधमनीत! वरच्या कप्प्यात दाब कमी, म्हणून तिकडे रक्त ढकलणं सोपं असतं. ती वाट बंद झाली की स्नायूची खरी ताकद दिसते. आकडा फारच घसरला किंवा काही महिन्यांनीही सावरला नाही, तर मात्र स्नायू आधीच थकलेला होता असं समजावं. म्हणूनच गंभीर गळतीत ईएफ ६० च्या खाली जाण्याची वाट पाहू नये.

गळती थांबली की रक्त अगदी पूर्वीसारखंच वाहतं, हाही गैरसमज. निरोगी हृदयात आत येणाऱ्या रक्ताचा भोवरा होतो आणि ते महाधमनीकडे वळतं. फ्रेंच शल्यविशारद आलाँ कार्पांतिए यांच्या पद्धतीत पडदे दुरुस्त करून झडपेभोवती कडं बसवतात. झडप रुग्णाची स्वतःचीच राहते, त्यामुळे हा प्रवाह बराचसा टिकतो. क्लिपनं दोन्ही पडदे मध्ये जोडले, तर एका धारेच्या दोन होतात. तोंड फार अरुंद झालं तर रक्त वरच तुंबेल, म्हणून क्लिप सोडण्यापूर्वी डॉक्टर तिथला दाबाचा फरक मोजतात.

आणि रक्त पातळ करणारी गोळी? धातूच्या झडपेला ती जन्मभर लागते. दुरुस्तीनंतर सहसा काही महिनेच. ठोके अनियमित असतील तर पुढेही. ती स्वतःहून बंद करू नका.