छातीवरचं अक्षर आणि मोकळं कपाळ

 आम्ही तुळजापूर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आज आम्ही कर्जाचं, व्याजाचं किंवा शेळीपालनाचं सांगणार नाही. आज एका पुस्तकाचं सांगणार आहोत. पुस्तक इंग्रजी आहे, आमच्यातल्या बहुतेकींनी ते हातातही धरलेलं नाही. तरी त्यावरून आमच्या बैठकीत दोन महिने वाद झाला, आणि शेवटी गटाला एक निर्णय घ्यावा लागला.

झालं असं. आमच्या गटातल्या एकीची लेक कॉलेजात बी.ए. करते. तिला अभ्यासाला एक कादंबरी होती, 'द स्कार्लेट लेटर'. म्हणजे लालभडक अक्षर. नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकानं ती १८५० साली लिहिली. पोरगी बैठकीला आईसोबत आली होती, हप्ते लिहायला. हिशोब संपल्यावर म्हणाली, "काकू, हे पुस्तक वाचताना आधी मला झोप यायची, एवढी लांब लांब वाक्यं. आता मात्र राग येऊन झोप येत नाही." आम्ही म्हटलं, सांग बाई, काय आहे त्यात.

गोष्ट अमेरिकेतल्या बोस्टन गावची, सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वीची. इंग्लंडातून समुद्र ओलांडून आलेले काही लोक तिथं वस्ती करून राहिले होते. त्यांना प्युरिटन म्हणत. धर्माचे फार कडक. साधे कपडे, सणवार नाही, नाचगाणं नाही. धर्माचा नियम आणि सरकारचा कायदा त्यांच्याकडं जवळजवळ एकच होता. एखाद्याच्या घरात काय चाललंय ते सगळ्या गावाचं काम.

त्या गावात हेस्टर प्रिन नावाची एक तरुण बाई. नवरा वयानं पुष्कळ मोठा. त्यानं तिला पुढं पाठवलं आणि स्वतः मागून येतो म्हणाला. दोन वर्षं झाली, तो आला नाही, निरोपही नाही. त्या काळात हिला मूल झालं. मग गावानं तिला तुरुंगात टाकलं, आणि एक दिवस भर बाजारात उंच चौथऱ्यावर तीन तास उभं केलं. कडेवर तान्ही पोर, छातीवर लाल कापडाचं 'ए' अक्षर. व्यभिचाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं ते पहिलं अक्षर. ते तिनं जन्मभर अंगावर वागवायचं, अशी शिक्षा.

सगळे विचारतात, पोराच्या बापाचं नाव सांग. ती सांगत नाही. आणि बाप कोण? गावाचा तरुण धर्मगुरू, जो तिथंच वर सज्जात बसून तिला "नाव सांग" म्हणतो! लोक त्याला देवमाणूस समजतात. सात वर्षं तो आतून जळतो, पण तोंड उघडत नाही.

एवढं ऐकून आमच्या बैठकीत दोन तट पडले. तरण्या सुना म्हणाल्या, तिनं नाव घ्यायला पाहिजे होतं, एकटीनं का सोसलं? एक म्हातारी मावशी म्हणाली, "नाव घेतलं असतं तर काय, तिलाच खोटी पाडली असती. तो देवाघरचा, ही तुरुंगातली. कुणाचं खरं धरलं असतं?" यावर कुणी बोललं नाही.

मग पोरीनं आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती आमच्या फार जिव्हारी लागली. त्या बाजारात हेस्टरला सगळ्यात जास्त कोण बोललं? पुरुष नाही, बायका. एक म्हणे, शिक्षा फार कमी झाली, कपाळावर तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणे, मारूनच टाका. फक्त एक तरुण आई, पोराचा हात धरून उभी असलेली, तिच्याविषयी मऊ बोलली. पोरगी म्हणाली, "काकू, मी वाचताना शोधत होते, या गर्दीत मी कोणती असते? आणि मला माझंच उत्तर आवडलं नाही."

आणखी एक. हेस्टरच्या हातात कला होती. ती भरतकामावर पोट भरायची. ज्या गावानं तिला डाग दिला, तेच गाव तिच्याकडून कपडे भरून घ्यायचं. साहेबांच्या कॉलरी तिच्या हातच्या, बाळांची टोपडी तिच्या हातची, मयताची कापडंसुद्धा. फक्त नवरीच्या डोक्यावरचं वस्त्र तिच्याकडं कधी कुणी दिलं नाही.

हे ऐकलं आणि आमच्यातल्या दोघीतिघींनी एकदम मान खाली घातली. कारण आमच्या गटात एक बाई आहे. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. लग्नघरात आदल्या रात्रीपासून पुरणाचा घाट तिच्या हाती असतो. शंभर माणसांच्या पोळ्या ती लाटते. पण हळद लागायच्या वेळी ती आपली आपण मागच्या खोलीत जाऊन बसते. तिला जा म्हणून कुणी सांगत नाही, आणि ये म्हणूनही कुणी सांगत नाही. तिच्या छातीवर अक्षर नाही. तिचं मोकळं कपाळ आणि मोकळे हात हेच तिचं अक्षर. तिनं तर काही केलेलंही नाही.

हे परमुलखातलं दुखणं आहे असं समजू नका. आपल्या महाराष्ट्रातही बायांनी आणि पुरुषांनी याच्याशी झुंज दिलेली आहे. तरुण विधवांना फसवणारा मोकळा राहायचा, आणि त्या बिचाऱ्या अब्रूपायी जीव द्यायच्या किंवा पोटचं पोर टाकायच्या. म्हणून १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. इथं या आणि सुखरूप बाळंत व्हा, असा त्याचा अर्थ. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. पुढं १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, नंतर ती कमी झाली. तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्याच चालीरीतींवर चिखल उडाला. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा प्रश्न आमच्या मावशीच्याच जवळपासचा होता. दोष दोघांचा असेल तर डाग एकटीलाच का?

आता कायद्याचं सांगतो, नीट ऐका. जातपंचायतीनं किंवा समाजानं कुणाला वाळीत टाकणं हा आज गुन्हा आहे. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार टाकायला चिथावणी देणाऱ्यालाही शिक्षा आहे. ज्याच्यावर बहिष्कार पडला तो किंवा त्याच्या घरचं कुणीही तक्रार करू शकतं. अडचणीत ११२ वर पोलीस, १८१ वर महिला मदत लागते. बाईला सरकारी विधी सेवेतून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

पण हळदी-कुंकवाचा रिवाज पोलीस येऊन मोडणार नाहीत. तो आपल्यालाच मोडायचा आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

आम्हीही बैठकीत ठरवलं, की संक्रांतीचं वाण गटातल्या सगळ्या बायांना सारखं द्यायचं. वाटलं, झालं काम. पण आमची ती पोळ्यावाली बहीणच म्हणाली, "मला नको गं. उद्या कुणाच्या घरी वाईट झालं तर माझ्या नावावर येईल." तेव्हा कळलं, की अक्षर नुसतं अंगावर नसतं, ते आत उतरलेलं असतं. आम्ही जबरदस्ती केली नाही. एवढंच सांगितलं, की तू नाही तर आम्हीही वाण लुटणार नाही. पहिल्या वर्षी कार्यक्रम झालाच नाही. गावातून बोलणी खाल्ली, दोघींच्या सासवा आठ दिवस रुसल्या. यंदा ती आली. दाराजवळ बसली, पण आली. वाण घेतलं, कुंकू मात्र नको म्हणाली. ती तिची मर्जी. लावायचं की नाही हे तिनं ठरवायचं, आपण नाही.

पुस्तकाचा शेवट विचाराल, तर तो धर्मगुरू शेवटी त्याच चौथऱ्यावर चढून सगळ्यांसमोर कबूल करतो आणि तिथंच प्राण सोडतो. हेस्टर लेकीला घेऊन दूरदेशी जाते, पण पुष्कळ वर्षांनी एकटी परत येते, तेच अक्षर आपल्या मर्जीनं लावते. आणि मग गावातल्या दुखावलेल्या बाया तिच्याच झोपडीत येऊन मन मोकळं करतात.

आमची पोरगी परीक्षेत काय लिहून आली ते तिलाच ठाऊक. आम्ही आमचा पेपर बैठकीत सोडवतोय, अजून पूर्ण सुटलेला नाही. तुम्हीही पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर एकमेकींना एवढंच विचारा: आपल्या गावात काम करायला बोलावली जाते आणि हळदीला विसरली जाते, अशी कोण आहे? नाव आठवलं, की तिच्या घरी जा. चहा तिच्या हातचा घ्या. पुढचं तिथंच सुचेल.

रामराम.